बालकूर्चेचा टेकू

“पाळीला टोचतात गं कान. हिला वर हाडात कुणी टोचलं?” बारशाच्या गडबडीत नातीचा, चार्वीचा डावा कान उलटून बघत हेमांगीच्या आईनं विचारलं होतं. हेमांगीनं ते उडवून लावलं. प्रसूतिगृहानं घरी सोडताना मोफत कर्णवेध करून दिला होता. पोर रडलीसुद्धा नव्हती. “आई, शिकलेली माणसं आहेत ती. आता असंच टोचत असतील.”

चार्वी दोन वर्षांची झाली, त्या उन्हाळ्यात हेमांगी मिरजेत स्कूटरवरून तोंडावर आपटली. नाकाचा शेंडा बसला. त्याच प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर नाकाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. मगदूम यांनी पडद्यावर तिचं नाक उकलून दाखवलं.

“शेंडा म्हणजे तंबू समजा. मधला खांब मोडलाय. तिथं कूर्चेचा टेकू द्यायचा. कूर्चा म्हणजे कोवळं हाड, कानात असतं तेच. मोठ्या माणसाच्या बरगडीची घेतली, तर पुढं वाकते. आमच्या पेशीपेढीतली बालकूर्चा वाकत नाही. जिवंत असते.”

“पण कुणाच्या बाळाची?”

“पेढीची हो! ते आम्हालाही कळत नाही. जुळवणीयंत्र हजारो नमुन्यांतून तुमच्या शरीराला सर्वांत जवळचा निवडतं. माणसाचा हात लागत नाही.”

नाक झकास बसलं. पण सहा महिन्यांत शेंडा वर सरकू लागला. “आजकाल फार नाक वर करून बोलतेस,” असं नवरा चिडवायचा. मग एकदा त्यानं जुना फोटो शेजारी धरून पाहिला आणि चिडवणं बंद केलं.

सांगलीच्या डॉ. शिकलगार पेशींच्या अभ्यासक होत्या. त्यांनी टेकूचा कणभर तुकडा काढून तपासला. आठवड्यानं हेमांगी चार्वीला कडेवर घेऊनच त्यांच्या प्रयोगशाळेत गेली.

“कूर्चेला काय ठाऊक, ती मोठ्या बाईच्या नाकात बसलीय ते?” बाई म्हणाल्या. “तिच्या पेशी मूळ मालकाच्या वयाचं घड्याळ पाळतात. ते मूल वाढतंय, म्हणून ही वाढतेय. मगदूमांनी निदान एवढा तरी विचार करायचा!”

“मूल केवढं असेल?”

“वाढीच्या वेगावरून, अडीच वर्षांचं.” बाईंनी अहवालाचं पुढचं पान उलटलं. “आणखी एक. तुमच्या शरीरानं तिला जराही विरोध केलेला नाही. करणार कसा? तिच्यातली निम्मी जनुकं तुमचीच आहेत. इतकं जुळायला आई-वडील लागतात, नाहीतर...”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हेमांगीनं चार्वीचे केस बाजूला केले होते. डाव्या कानाच्या मागे, छिद्राला लागूनच, मसुराएवढा खळगा. बोट टेकवताच कान तिथं कापडासारखा दुमडला. उजवा मात्र ताठ.

“पोकळ सुई,” बाई हळूच म्हणाल्या. “टोचता टोचता आतला तुकडा निघून येतो.”

“आई, गुदगुल्या!” चार्वी खिदळली.

हेमांगी थेट मिरजेला गेली. डॉ. मगदूम यांनी दार लोटून घेतलं.

“अहो, एवढासा तुकडा! ऐकायला येतंय ना पोरीला? आणि कर्णवेध मोफतच केला होता की.”

“टोचणं मोफत होतं, डॉक्टर. कान नव्हता.”

“बरं, बसा तुम्ही. टेकू काढून टाकतो. आजच, एक रुपया न घेता.”

“हात लावून बघा!” ती ओरडली, तशी बाहेरची रांग दाराशी गोळा झाली. “हा पुरावा आहे. माझ्या लेकीची वस्तू आहे ही, आणि मी ती तोंडावर घेऊन कोर्टात उभी राहणार.”

यंत्राची काहीच चूक नव्हती. सर्वांत जवळचा नमुना शोध म्हटलं, त्यानं शोधला. मायलेकींची गाठ पडू नये, एवढं त्याला सांगून ठेवायचं मात्र चोरांना सुचलं नाही. बाकीच्या बाळांच्या कूर्चा कुणाकुणाच्या नाकांत वाढताहेत, कोण जाणे. त्यांच्या आया त्या मजल्यावर कधी चढल्याच नाहीत.

चार्वी वाढेल तोवर हे नाक वाढणार. वाढू दे. हेमांगी आता रोज त्या प्रसूतिगृहाच्या फाटकाशी उभी राहते आणि बाळ घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला थांबवते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: “घरात, शेजारी, कुणाचं तान्हं असं मोफत टोचून आणलं असेल, तर त्याला आधी उजेडात घ्या. छिद्राच्या मागे, केसांखाली बोट फिरवा. माझ्यासारखं उडवून लावू नका. आत्ता उठा आणि बघा.”