टक्क्याटक्क्याने

"हे अजून चालतं?" दुकानाच्या दारातूनच आमच्या कॉम्प्युटरकडे बघत त्याने विचारलं. ओळख ना पाळख, आणि हे त्याचं पहिलं वाक्य!

"चालतं की. नावं ठेवणारे आले तरी चालतं," मी म्हणाले.

बाबा गालातल्या गालात हसले. चौदा वर्षांपूर्वी त्यांनीच तो कॉम्प्युटर घेतला होता, भरतकामाच्या मशीनसाठी. मशीनचं सॉफ्टवेअर त्या जुन्या सिस्टीमवरच चालतं, म्हणून बदलता येत नव्हता. हल्ली फारच रेंगाळायला लागला, म्हणून दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं, तर त्यांनी पुतण्याला पाठवलं. उंच, सावळा आणि… डोळे हसरे. पण रागात कोण बघतंय डोळे!

बसल्या बसल्या त्याने काय केलं? 'अपडेट करायचं का?' अशी चौकट आली आणि त्याने 'हो' दाबलं. ती चौकट आमच्याकडे रोज येते आणि आम्ही रोज 'नंतर' म्हणतो. त्याला मात्र काकांच्या दुकानातली सवय, आधी अपडेट, मग दुरुस्ती. स्क्रीन निळी झाली. 'चार टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका.'

"होईल दहा मिनिटांत," तो म्हणाला.

दहा मिनिटांनी पाच टक्के झाले.

माझा पाराच चढला. "अहो, अग्निशमन दलात पहिल्यांदाच बायकांची तुकडी उभी राहतेय! त्यांच्या खांद्यावरचे बारा बिल्ले आहेत. सात झालेत. पाच वाजता कॅप्टनबाई न्यायला येणार. ज्वाळेची नक्षी माझी आहे, माझी! आणि ती तुमच्या त्या निळ्या स्क्रीनमागे अडकलीय."

त्याचा चेहरा पडला. "चुकलो. विचारायला हवं होतं. काम होईपर्यंत मी हलत नाही इथून."

मी हाताच्या भरतकामाची रिंग काढली, कापड ताणून बसवलं आणि सुई हातात घेतली. लोक नेहमी म्हणतात, मशीन करतं, पोरगी नुसती बटणं दाबते. म्हणू देत! आईने शिकवलेला हात होता माझा.

"दोरा मी ओवून देऊ?" त्याने हळूच विचारलं.

"जमेल?"

"केसाएवढ्या तारा जोडतो मी…"

जमलं की! लाल, केशरी, पिवळा, ज्वाळेचा प्रत्येक रंग तो मागायच्या आत पुढे करत होता. मध्येच वाकून बघायचा… आणि मी बघितलं की घाईघाईने स्क्रीनकडे वळायचा.

"किती झाले?" मी विचारायची.

"एकतीस. तुमचे?"

"दोन बिल्ले. तुमच्या अपडेटपेक्षा मीच पुढे आहे."

"ते दिसतंयच," तो म्हणाला, आणि माझा टाका चक्क चुकता चुकता वाचला.

साडेचारला कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला. एक बिल्ला उरला होता. "हा मशीनवर घ्या ना," तो म्हणाला, "बोटं लाल झालीत तुमची."

"नाही. आता हाही माझ्या हातचाच होणार."

तो पुढचा दोरा ओवायला लागला.

बरोबर पाचला कॅप्टनबाई आल्या. बारा बिल्ले बघता बघता नेमका हातचा एक उचलला. "हा वेगळाच उठून दिसतोय. कुठल्या मशीनवर केला?"

मी तोंड उघडण्याआधीच तो पुढे झाला. "मॅडम, मशीन माझ्या चुकीने बंद पडलं होतं. हे पाच यांनी हाताने भरलेत. सकाळपासून बघतोय मी. एक टाका उसवावा लागला नाही!" एवढ्या अभिमानाने तर माझ्याबद्दल कुणी कधी बोललंच नव्हतं.

कॅप्टनबाईंनी टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. मला! बाबांनी चष्मा काढून पुसला. माझी मान इतकी ताठ झाली की काय सांगू.

त्या गेल्या, बाबाही आत गेले. तो मात्र आपले स्क्रू-ड्रायव्हर उगाच एकेक करून पेटीत ठेवत बसला.

"कॉम्प्युटर तर झाला," तो म्हणाला. "उद्या यायचं तर… कारण काय सांगू?"

"कारण कशाला? मला आवडलात तुम्ही, म्हणून या."

त्याच्या हातातून पेटीच निसटली.

"मला ऐकू येतंय हं!" बाबा आतून ओरडले.

"ऐका की, बाबा," मी म्हणाले. "लपवण्यासारखं काय आहे त्यात?"