चाक थांबल्यावरचा उजेड

‘ही हकीगत अक्षरशः खरी आहे’ अशी सुरुवात करणाऱ्यांची मला आयुष्यभर कीव वाटत आली.

भुते अडाण्यांना दिसतात आणि रिकामटेकड्यांना ऐकू येतात, असे माझे मत होते. ते मी कोणापासून लपवलेही नाही.

आज मी तशीच सुरुवात करीत आहे. ज्याला माझी कीव करायची असेल, त्याने खुशाल करावी.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. मंगळवार. पहाटेचे सहा वाजून दहा मिनिटे. स्थळ, देव्हेंटर या डच शहराजवळ आयसेल नदीच्या बांधाखाली असलेल्या आमच्या घराची मागची सायकलींची खोली.

खोलीला बाहेरून कुलूप होते.

आणि आत... दिवा लागलेला होता.

त्या दिव्याविषयी सांगण्याआधी तो बसवणाऱ्याविषयी सांगणे भाग आहे.

माझा मेव्हणा बेरेंड. वय पंचावन्न. शेतीची यंत्रे दुरुस्त करतो. जे उघडून पुन्हा जोडता येत नाही ते जगात नाहीच, एवढे त्याचे तत्त्वज्ञान. ‘दाजी’ हा शब्द लग्नानंतर मीच त्याला हौसेने शिकवला. टोमणा मारायचा असला की तो नेमका तोच वापरीत असे.

सायकल माझ्या सासूबाईंची. फेन्ना त्यांचे नाव. एकोणीसशे अठ्ठावन्न सालची ती काळी, उंच सायकल. दांडी हंसाच्या मानेसारखी वाकलेली. पुढच्या टायरला घासून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा डायनॅमो.

चाक फिरेल तोवर उजेड. चाक थांबले की अंधार.

सासूबाई परिचारिका होत्या. चाळीस वर्षे त्या याच सायकलवरून घरोघरी गेल्या. निवृत्तीनंतर सगळी घरे सुटली, एक सुटले नाही. बांधापलीकडचा वेसल. वय त्र्याण्णव, एकटा. सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवायला त्याला रोज सकाळी कोणीतरी लागे, आणि नव्या परिचारिकांना तो दारातूनच हाकलून देई. म्हणून ऐंशी उलटल्यावरही सासूबाई पहाटे सहाच्या आत निघत. सेवा या शब्दाचा अर्थ मी पोथ्यांतून शिकलो. पाहिला तो त्यांच्याकडे.

बांधाचा चढ लागला की वेग मंदावे. वेग मंदावला की दिवा पिवळा पडे. माथ्यावर श्वास घ्यायला थांबले की...

काळोख. आणि उजव्या हाताला पाण्याचा खोल चर.

त्यांनी मुलाला सांगितले होते. माझ्यासमोर सांगितले होते.

“बेरेंड, वर गेल्यावर काही दिसत नाही रे. दिव्याचं बघ ना जरा.”

“आई, दिव्याला काही झालेलं नाही. तूच गोगलगायीसारखी चालवतेस. जोरात मार की पायडल!”

“गुडघे दुखतात रे.”

“मग गुडघे बदल. ते सोपं पडेल.”

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिणे आवश्यक आहे.

आठ दिवसांनी सासूबाई त्या चरात सापडल्या. सायकलीवर ओरखडाही नव्हता.

त्यानंतर वेसलकडे माझी पत्नी आलेइदा जाऊ लागली. त्याच सायकलवरून, साडेसहाला. आईचे काम आईच्याच सायकलवरून व्हायला हवे, हा तिचा हट्ट.

पहिल्याच आठवड्यात ती परतली ती पांढरीफटक पडून.

“वेसलकाका म्हणतात, आई रोज पडते.”

“म्हणजे काय?” मी विचारले.

“मी पोचायच्या आधी. सहाला. त्यांना ऐकू येतं. डायनॅमोची घरघर बांधावर चढते... हळू होते... थांबते. आणि मग पाण्याचा आवाज.”

“रोज?”

“रोज.”

बेरेंड आमच्या स्वयंपाकघरात कॉफी ढवळीत बसला होता.

“म्हातारा सटकलाय,” तो म्हणाला. “कानात यंत्र आणि डोक्यात उकडलेले बटाटे. उद्या म्हणेल, चरातला बेडूक त्याच्याशी बोलतो.”

मी वेसलविषयी याहून सभ्य शब्द वापरले. अर्थ तोच होता.

दोन वर्षे गेली. मग गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे आलेइदाचा दिवाही माथ्यावर विझला. तिचे पुढचे चाक चराच्या काठापासून वीतभर अंतरावर थांबले.

त्या शनिवारी बेरेंड हत्यारे घेऊन आला. खाली बसल्यापासून त्याचे तोंड चालू होते.

“एकच तार! परतीची वीज सांगाड्यातून, आणि सांगाड्यावर साठ वर्षांचा गंज. हा लागत होता कसा, हेच नवल. दाजी, हे सामान तुमच्या पोथ्यांच्या कपाटात ठेवा. तिथे शोभेल.”

“मग आई असताना का नाही बदललास?” आलेइदाने विचारले.

त्याने पाना शोधायला मान खाली घातली. पाना त्याच्या हातातच होता.

बाटली डायनॅमो काढून त्याने केराच्या डब्यात भिरकावला. ज्याच्या आतच डायनॅमो असतो असा नवा हब पुढच्या चाकाच्या मध्यभागी घातला, एकेक स्पोक ताणून बसवला. एकीच्या जागी दोन तारा ओढल्या. पुढे-मागे एलईडी दिवे. मग अंगणात दोन फेऱ्या मारून तो आमच्यासमोर थांबला.

चाक थांबले. दिवा विझला नाही.

“बघितलंत? घरघर नाही, काही नाही. चालत्या माणसाच्या वेगातही लख्ख उजेड. आणि आत थोडी वीज साठते. ताई, तू थांबलीस तरी हा चार मिनिटं जळतो. पाचव्या मिनिटाला खलास.”

हे मी नीट ऐकले होते. म्हणूनच मंगळवारी पहाटे, पत्नीसाठी सायकल बाहेर काढायला गेलो असता, मी कुलपाला हात लावून तसाच उभा राहिलो.

खिडकीच्या काचेतून पांढरा उजेड येत होता.

आलेइदा वर कपडे बदलीत होती. तिच्या पावलांचा आवाज मला येत होता.

मी कुलूप काढले. मागच्या चाकाचे कुलूपही लागलेले होते. मी पुढच्या टायरला बोट लावले...

ओले. गवताची एक काडी चिकटलेली.

चार दिवसांत पाऊस पडला नव्हता.

माझ्या डोळ्यांसमोर दिवा मंद झाला. मग विझला.

बेरेंडला सांगितले, तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला आला.

“दाजी, माझ्या कामात बिघाड नसतो. बिघाड तुमच्यात आहे. पहाटे उठून चाक फिरवता आणि वर आम्हालाच घाबरवता होय!”

त्याने खोलीच्या दोन्ही किल्ल्या नेल्या. आलेइदाने दोन दिवस माझी सायकल वापरली.

बुधवारी, सहा दहाला, दिवा लागलेला.

गुरुवारी, सहा दहाला, दिवा लागलेला.

शुक्रवारी बेरेंड स्वतः पाच वाजता आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मी खिडकीपाशी होतो. सहापर्यंत आत काळोख होता. काही हलले नाही. काही वाजले नाही. त्याने बसवलेला डायनॅमो मुळी वाजतच नाही.

मी चष्मा पुसण्यासाठी मान खाली घातली. वर पाहिले...

उजेड.

बेरेंड माझ्याकडे न पाहता म्हणाला, “कुठेतरी ओल शिरलीय.”

तेव्हा मागे उभ्या असलेल्या आलेइदाने जे सांगितले, ते तिने पाच दिवस आमच्या हसण्याच्या भीतीने दडवले होते.

“रविवारपासून वेसलकाकांना पडल्याचा आवाज आलेला नाही. म्हणतात, आई दारापर्यंत येते. आत येते.”

“हो का? आणि कॉफी घेते?”

“बेरेंड, मी जाते तेव्हा त्यांचे मोजे चढवलेले असतात. एकही सुरकुती नाही. ते मोजे त्यांना स्वतःला चढवता येत नाहीत. मलाही इतके नीट जमत नाहीत.”

बेरेंडने खिशातून पक्कड काढली.

“ठीक आहे. आत्ता तारा काढतो. मग उद्या बघू, आईसाहेब कशा येतात.”

“नको काढूस.”

“का? भुताला उजेड लागतो? भूत आहे की भाडेकरू?”

त्याने दोन्ही तारा उपटल्या.

शनिवारी पहाटे आम्ही तिघेही खिडकीशी होतो. सहा दहा झाले. सव्वासहा झाले. आत काळोखच.

“बघा!” बेरेंड म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्याचा तिरस्कार वाटला. “संपलं तुमचं भूत. एका पक्कडीत.”

आणि घरातला फोन वाजला.

वेसलने आम्हाला कधीच फोन केला नव्हता. बेरेंडनेच उचलला. त्या शांततेत म्हाताऱ्याचा चिरका आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

“कोण, बेरेंड का? अरे... तुझी आई पुन्हा पडली रे.”

बेरेंडने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“आज हाक मारली तिने. आधी कधी मारली नव्हती. तुझं नाव घेऊन. दोनदा. मला उठता आलं नाही रे, बाळा... मला उठता आलं नाही.”

बेरेंडने फोन खाली ठेवला नाही. तो त्याच्या हातातून गळून पडला. तो धावत खोलीकडे गेला. मी पोहोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून तारा जोडीत होता. ज्या हातांनी तो अंधारात ट्रॅक्टर उघडतो, त्या हातांना दोन तारा जुळवता येत नव्हत्या.

पुढचे टायर ओले होते. मडगार्डवरून पाणी ठिबकत होते.

त्यानंतर दिवा कधी चुकला नाही. रोज सहा दहा.

मार्चमध्ये वेसल गेला. झोपेत, शांतपणे, पायांत मोजे घातलेला.

आता सायकल कोणीच चालवीत नाही. दिवा मात्र लागलेला दिसत राहिला. पण सहा दहाला नव्हे. एप्रिलमध्ये साडेसहाला. उन्हाळ्यात सातला. प्रत्येक महिन्यात थोडा उशिरा. कालपर्यंत साडेसातला.

“आता कुणाकडे जाते ती?” आलेइदाने एकदा विचारले. “इतकी लांब? बेरेंड, काढून टाक ना तो दिवा. आईला आता विसावू दे.”

“काढला तर पडेल,” बेरेंड म्हणाला.

“पण जाते कुठे?”

“जाऊ दे कुठेही. पोचते ना?”

तो आता रोज पहाटे येतो. कॉफीही घेत नाही. तारा हलवून पाहतो, दार लावतो आणि बाहेर थांबतो. मी त्याच्याशेजारी उभा राहतो. आम्हा दोघांना एकमेकांची चेष्टा करणे आता जमत नाही.

आज मी हे लिहीत आहे. सकाळचे पावणेआठ झाले आहेत. बांधावर अजून अंधार आहे.

दिवा अजून लागलेला नाही.

“तारा ठीक आहेत, दाजी,” खिडकीबाहेरून बेरेंड म्हणाला. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “ठीक आहेत ना?”

ती पोहोचली की पडली, हे ऐकून सांगणारे आता बांधापलीकडे कोणी राहिलेले नाही.