सात वाजताचा धूर

किसोरो गावातल्या मुलींच्या शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते. शाळेच्या गच्चीवर सिमेंटचा एक खांब आहे. कॅमेरा हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर मी तीन स्क्रू पक्के बसवून घेतले आहेत. रोज सकाळी सात वाजता तिथून एक फोटो घेते. समोर तीन डोंगर: डावीकडे मुहाबुरा, मध्ये गाहिंगा, उजवीकडे साबिन्योचा दातेरी कडा. ढग कुठवर उतरले आणि झाडांची रेषा कुठे संपते, याची ही नोंद अकरा वर्षं चालू आहे. चौकट कधीच बदलत नाही. तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या घराचा पत्रा आणि स्वयंपाकाची झोपडी येते.

"साबिन्योचा एखादा दात पडला का गं, मास्तरीणबाई?" रुगाम्बाकाका भेटला की हेच विचारायचा. फेब्रुवारीनंतर त्याने विचारणं सोडलं.

फेब्रुवारीत माझा भाऊ सेबागेंझी डोंगरात गेला. तो वाटाड्या होता. मुहाबुरा आणि गाहिंगा यांच्यामधल्या खिंडीत वाटेच्या खुणा रंगवायला एकटाच गेला आणि परतला नाही. शोधणाऱ्यांना रंगाचा डबा मिळाला. झाकण घट्ट लावलेलं होतं.

जूनमध्ये काकाने विषय काढला. माणूस सापडला नाही तर आमच्याकडे त्याच्या जागी केळीचा खांब पुरतात. त्यानंतर त्या माणसाला घरात जागा उरत नाही. तो स्वतः दारात येऊन उभा राहिला तरी त्याला आत घेत नाहीत. म्हणून आई तयार नव्हती. काका म्हणाला, चार महिने झाले, किती दिवस त्याला असा मधेच लटकत ठेवणार? आईने माझ्याकडे पाहिलं.

"तू रोज त्या डोंगराकडे बघतेस," ती म्हणाली. "तुला काही दिसलं तर सांग. नाहीतर पुरू."

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मला खिंडीत एक राखाडी ठिपका दिसला. फोटो मोठा केला तेव्हा वर जाणारी बारीक रेघ दिसली. धूर. शुक्रवारी तो जरा खाली होता. आधी मी भिंगावरची धूळ तपासली. धूळ असती तर ती एकाच जागी राहिली असती. शनिवारी शाळेचा दुसरा कॅमेरा लावला. ठिपका होताच, आणखी खाली, जवळजवळ तितक्याच अंतराने.

रविवारी मी काकाच्या दोन्ही मुलांना फोटो दाखवून तिथे पाठवलं. संध्याकाळी ते चिखलाने माखून आले. राख नाही, जळकी काटकी नाही, दबलेलं गवतसुद्धा नाही. "ताई, तिथे उभं राहायला जागा नाही," धाकटा म्हणाला. "आग कोण पेटवणार?"

मी रोजचे ठिपके आलेखाच्या कागदावर मांडत गेले. ते सरळ रेषेत आले. ती रेषा मी पुढे वाढवली नाही. एखाद्या विद्यार्थिनीने असं अर्धवट सोडलं असतं तर मी तिचे गुण कापले असते.

आईला धुराबद्दल सांगितलं असतं तर ती त्या धुराला धरून बसली असती, वर्षभर, कदाचित मरेपर्यंत. ती आधीच नीट जेवत नव्हती. बुधवारी तिने पुन्हा विचारलं.

"काहीच नाही दिसलं?"

"नाही, आई."

तिने मान हलवली आणि काकाला निरोप पाठवला.

शुक्रवारी संध्याकाळी केळीचा खांब कापून आणला, सेबागेंझीच्या सदऱ्यात गुंडाळला आणि त्याच्या खाटेवर ठेवला. खांब घरात आला की तो मातीत जाईपर्यंत चूल पेटवत नाहीत. आईने झोपडीतला विस्तव विझवला, राखेवर पाणी मारलं आणि दाराला दोरी बांधली. जेवण शेजाऱ्यांकडून आलं.

शनिवारी सकाळी सातला मी सवयीने फोटो घेतला. तो न बघताच कॅमेरा पिशवीत टाकून घरी आले. दुपारी बारा वाजता खांब पुरला. पहिली माती आईने टाकली, दुसरी मी.

रविवारी शाळा रिकामी होती. सातचा फोटो घेऊन मी प्रयोगशाळेतल्या संगणकावर तो उघडला. धूर आमच्या घराच्या वरच्या बाजूला, निलगिरीच्या रांगेवर होता. पण तिथे तो शुक्रवारीच येऊन गेला होता.

मग मी शनिवारचा फोटो उघडला.

डोंगर स्वच्छ होता. कुठेच काही नव्हतं. मी वरून खाली, चौकोन चौकोन करून तपासत आले. खालच्या डाव्या कोपऱ्यात आमचा पत्रा दिसला. त्याच्या शेजारी झोपडी. झोपडीच्या छपरातून धूर सरळ वर जात होता.

शुक्रवार ते शनिवार जेवढं अंतर खाली, शनिवार ते रविवार तेवढंच वर. मी दोनदा मोजलं.

घरी आले तेव्हा आई अंगणात घेवडा सोलत होती. पाठ डोंगराकडे होती. काल सकाळी झोपडीत कोण गेलं होतं, असं मी विचारलं.

"कोणी नाही. माती झाल्यावर मीच दोरी सोडली." तिने एक शेंग मोडली. "चुलीच्या दगडावर अर्धा बटाटा होता. राखेत भाजलेला. तूच ठेवला असशील म्हटलं."

राखेत बटाटा भाजून खायची सवय सेबागेंझीची होती. लहानपणापासून तो अर्धा खायचा आणि अर्धा माझ्यासाठी चुलीच्या दगडावर ठेवून जायचा.

आईने वर पाहिलं नाही.

"आत फळीवर ठेवलाय बघ," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

केळीच्या पानात बांधलेली पुडी फळीवर होती. कालपासून तिला कोणी हात लावला नव्हता. पान कडेने सुकून तपकिरी झालं होतं. मी दोरा सोडला.

बटाट्यातून वाफ आली.