रिकामा काटा

"आपोआप बंद पडतो," एवढंच सगळी गिऱ्हाइकं सांगतात. आपोआप काही होत नसतं. कॉम्प्युटर गरम होतो, वीज कमी पडते, रॅम सैल होते, नाहीतर टेबलाखाली कुणाचा तरी पाय वायरला लागतो. देवाला प्रार्थना आणि मशीनला रिस्टार्ट, एवढ्यात निम्मी दुखणी जातात, असं ब्लेसन शिरूरच्या चर्चमध्ये गमतीनं सांगायचा. हल्ली गमतीनंही सांगायचा नाही. थकला होता तो.

शिरूरात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानात बसून पोट भरायचे दिवस गेले होते. मोबाइल आले, लॅपटॉप आले, डेस्कटॉप उरले ते पतपेढ्यांत, शाळांत आणि वजनकाट्यांवर. मग गाडीला किक मारायची आणि न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत धूळ खात फिरायचं. घरी परतावं तर घर शांत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी पुण्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या त्यानं आणि शॅरननं बंद केल्या आणि त्या विषयावर बोलणंही बंद केलं. दोघं एकमेकांशी चांगली वागत. त्याचाही थकवा येतो.

एक खोड मात्र त्याची टिकून होती. जागेवर बरी न होणारी मशीन गाडीवर बांधली, की तिच्या डब्यावर हलकी थाप मारून तो म्हणायचा, "चल, घरी." शॅरन चिडवायची, "त्या डबड्याशी बघा कसं गोड बोलणं!" हल्ली तीही चिडवत नव्हती.

भांडगावजवळ हायवेला लागून साहेबरावांचा वजनकाटा होता. उसाच्या बैलगाड्या, कांद्याचे ट्रक, कुरकुंभकडे जाणारे टँकर, सगळं तिथं वजनाला थांबे. जमिनीत बसवलेला लांबरुंद पोलादी प्लॅटफॉर्म, शेजारी काचेची केबिन, केबिनसमोरच्या खांबावर आतून-बाहेरून दिसणारी लाल आकड्यांची पाटी. आत कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरपुढं जालिंदरमामा.

तो कॉम्प्युटर महिनाभर बंद पडत होता. ब्लेसननं पॉवर सप्लाय बदलला, पंखा बदलला, अर्थिंगचा खड्डा उकरून पाणी ओतलं. मशीन शिरूरला नेऊन दुकानात रात्रंदिवस चालू ठेवली. एकदाही बंद पडली नाही. भांडगावला परत आणून बसवली, स्वतः तासभर समोर बसला, तेव्हाही निमूट चालली. तो निघाला आणि दौंडच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच फोन आला. बंद.

तिसऱ्या खेपेला तो सकाळी पोचला, तर साहेबराव केबिनच्या दारातच उभे होते.

"ब्लेसनभाऊ, शेतकरी बोंबलाय लागल्यात. ऐन पावतीच्या वक्ताला मशीन बंद करत्यात आन् काटा मारत्यात, म्हणत्यात. आता मला येकच सांगा. मशीनचा दोष हाय का माणसाचा? सांजच्याला येतो मी. माणसाचा असंल तर आजच दुसरा माणूस बसवतो."

हे ते जालिंदरमामांच्या समोरच बोलले. मामांनी मान वर केली नाही. कुरकुंभच्या एका कंपनीतला ठेका संपल्यावर पन्नाशीत त्यांना ही खुर्ची मिळाली होती. काटा मारल्याचा शिक्का एकदा बसला की पुढं कुठल्याच काट्यावर कुणी उभं करत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर ब्लेसनचं उत्तर जवळपास ठरलं होतं. मशीन त्याच्या हातात बंद पडत नाही, मामांच्या हातात पडते. मग घोडं कुठं पेंड खातं ते उघड होतं. एक शब्द टाकला असता तर दुपारच्या जेवणाला तो घरी पोचला असता. पण मामांनी डब्यातली अर्धी भाकरी न बोलता त्याच्यापुढं सरकवली, आणि तो बसला.

"मामा, रोज करता तसंच करा. मी नुसतं बघतो."

सकाळ बिनघोर गेली. गाडी चढली की वजन, उतरली की पावती. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर चिखल राहतो, उसाची पाचट राहते, म्हणून आकडा थोडा वर दिसतो. तेव्हा मामा एक बटन दाबून आकडा शून्यावर आणायचे. याला ते 'शून्य मारणं' म्हणत. प्रत्येक काट्यावर हे करतात. ब्लेसनच्या डोक्यात तेवढ्यात एक गोष्ट आली. आजवर त्यानं या मशीनची सगळी परीक्षा घेतली होती, पण हे बटन कधी दाबलं नव्हतं. ते काटेवाल्याचं काम.

त्यानं बाहेर जाऊन एक मोठा धोंडा प्लॅटफॉर्मवर ठेवला. शून्य मारलं. काही झालं नाही. त्यानं धोंडा उचलून बाजूला टाकला.

"आत्ता न्हाई व्हनार," मामा म्हणाले. "उन्हं कलली की व्हतं."

"काय होतं?"

मामा स्क्रीनकडं वळले. एक ट्रक आला होता.

उन्हं कलली. समोरच्या गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जायचा तो आडवा पसरला आणि हवेला काकवीचा गोड, करपट वास आला. शेवटची बैलगाडी उतरून गेली होती. हायवेवर गाड्या वाहत होत्या, पण काट्याकडं कुणी वळत नव्हतं. ब्लेसनला डुलकी लागत होती.

पाटीवर पाच किलो आले.

मग दहा. थोडं थांबून पंधरा. चिखलानं आकडा एकदम वर दिसतो आणि तिथंच राहतो. हा तसा नव्हता. आधी कुणी एक पाय ठेवावा, मग दुसरा, मग नीट बसावं, तसा हा चढला.

ब्लेसन बाहेर गेला. प्लॅटफॉर्म रिकामा होता. त्यानं खराट्यानं झाडून काढला. खालच्या खड्ड्यात उतरून बॅटरी मारली, कुठं दगड अडकलाय का, उंदीर आहे का, सगळं पाहिलं. कोरडा, स्वच्छ खड्डा. वर येऊन पाहिलं तर पंधराच.

"मारा शून्य," तो म्हणाला.

मामांनी बटन दाबलं. स्क्रीन काळी झाली. पंखा गरगरत थांबला. ट्यूबलाइट चालू होती, यूपीएसचा हिरवा दिवा चालू होता, बाहेर पाटीवर पंधराही होते. फक्त कॉम्प्युटर मेला होता.

त्यानं कीबोर्ड बदलला, जोडणी बदलली. मशीन चालू केली. पंधरा. आता त्यानं स्वतः बटन दाबलं. काळी.

त्याला मनापासून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मामांचा हात नव्हता, त्याचा हात होता. माणूस सुटला. पण साहेबरावांना काय सांगायचं? रिकाम्या काट्याला शून्य मारलं की मशीन मरते? ते त्याला वेड्यात काढतील आणि मामांनाही घरी पाठवतील.

"मामा, हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"कुनाला बोलायचं, भाऊ?" मामा काचेतून बाहेर बघत राहिले. "मागं समोर ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या व्हत्या. त्यातली येक बाई कामाला जाताना पोरीला हितं आणून बसवायची. 'पिंके, हितंच बस, मी आलेच' म्हनायची. मला म्हनायची, मामा, नजर ठिवा. पोरगी लई गुणाची. गाडी आली की उतरून कडंला हुभी राहायची, गाडी गेली की परत रिकाम्या काट्यावर बसायची, लाल आकडं बघत. दहा दाखवायचा काटा."

"मग?"

"मग काय. ताप भरला तिला कोपीत, उतरलाच न्हाई. हंगाम मोडायच्या आधीच बिऱ्हाड गेलं. मोकळ्या हातानं गेली ती बाई." मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "दोन हंगाम झालं त्याला. तवा दहा दाखवायचा."

पाटीवर पंधरा होते.

ब्लेसनला राग आला. थकलेल्या माणसाला भीतीच्या आधी राग येतो. "मामा, काहीतरीच काय बोलता," म्हणत त्यानं मशीन पुन्हा चालू केली आणि काटा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसांसाठी ठेवलेली एक खिडकी उघडली. प्लॅटफॉर्मच्या चार कोपऱ्यांखाली चार सेन्सर असतात. कुठल्या कोपऱ्यावर किती भार आहे, ते तिथं वेगवेगळं दिसतं. चारातला एक बिघडलेला असणार. तोच आकडा फेकत असणार. साधी गोष्ट.

तीन कोपऱ्यांवर जवळपास काही नव्हतं. सगळा भार रस्त्याकडच्या लांबच्या कोपऱ्यावर होता, लिंबाची सावली पडली होती तिथं.

"हा बघा बिघडलेला," ब्लेसन मोठ्यानं म्हणाला.

त्या कोपऱ्याचा आकडा कमी व्हायला लागला.

शेजारच्या कोपऱ्याचा वाढायला लागला. हळूहळू, थांबत थांबत. मग तोही उतरला, आणि केबिनच्या काचेला लागून असलेल्या कोपऱ्याचा चढला.

तिथं थांबला.

काचेबाहेर कुणी नव्हतं. मामांनी डोळे मिटले होते.

बाहेर साहेबरावांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

ब्लेसन उठला. पळून जायचं त्याच्या मनात नव्हतं, शौर्य गाजवायचंही नव्हतं. साहेबरावांना दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून स्वतःचं वजन टाकून तो कोपरा तपासायचा, एवढंच. तो बाहेर आला आणि काचेजवळ प्लॅटफॉर्मवर उभा राहिला. पोलाद उन्हानं अजून कोमट होतं. वर पाहिलं. त्याचं वजन अधिक पंधरा.

गुडघ्यापाशी पँट किंचित ओढल्यासारखी झाली. वारा असेल.

दिवसभराचा, वर्षभराचा शीण एकदम त्याच्या पाठीत उतरला. काम संपलं की तोंडातून निघायचं ते सवयीनं निघून गेलं.

"चल, घरी."

आणि तो खाली उतरला.

पाटीवर शून्य आलं. बटनाला कुणी हात लावला नव्हता.

साहेबराव गाडीतून उतरून विचारत होते, "काय मग? मशीन का माणूस?"

"मशीन," ब्लेसन म्हणाला. "मामांचा काही दोष नाही. आता नाही बंद पडणार."

केबिनमधून जालिंदरमामा त्याच्याकडं बघत होते. त्यांनी हात जोडले. ते ब्लेसनला जोडले, असं त्याला वाटलं नाही. मामांची नजर थोडी खाली होती.

चौफुल्यावरून तो शिरूरच्या रस्त्याला लागला. एरवी या रस्त्याला तो गाडी दामटायचा. आज पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरांनी मागून हॉर्न वाजवले, तरी तो सावकाश जात होता. गतिरोधक आला की आधीच वेग कमी करत होता. पेट्रोलच्या टाकीपासून थोडा मागं सरकून, हात पसरून बसला होता. न्हावऱ्याला चहाला थांबायची त्याची पद्धत होती. थांबला नाही.

घराच्या दारात गाडी लावेपर्यंत मामांचा फोन आला.

"भाऊ, येवढ्यात लई गाड्या झाल्या. दर टायमाला शून्य मारलं. मशीन चालू हाय." मग जरा थांबून ते म्हणाले, "रिकामा असला की शून्यच दाखवतोय. मालक म्हनले, उद्याबी तुम्हीच बसा." त्यांना आणखी काही विचारायचं होतं. पण त्यांनी फोन ठेवला.

शॅरन टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती. नवऱ्याला दारात पाहून ती उठली.

"आज उशीर केलात. अहो, हाताला काय झालं? असा काय धरलाय?"

ब्लेसननं खाली पाहिलं. डावा हात कोपरात वाकवून त्यानं छातीशी घट्ट धरला होता. दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर अलगद थोपटत होता. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं.

"हळू बोल," तो म्हणाला.

शॅरन हसायला गेली, पण त्याचा चेहरा पाहून हसली नाही. ती जवळ आली. त्याच्या डाव्या खांद्यावर शर्टाला एक छोटासा ओला डाग होता. तिनं बोट लावून पाहिलं. कोमट होता.

ती वळली आणि तिनं टीव्हीचा आवाज बंद केला.