गरम टाकीचा काटा

टाकी कुठेही गळत नव्हती. केतकीने तिच्यातून एक श्वाससुद्धा घेतला नव्हता. होडीवर चढताना हवेच्या दाबाचा काटा २१० दाखवत होता आणि होडीच्या कडेला दोरीने बांधून टाकी पाण्यात सोडल्यावर पंधरा मिनिटांत तोच काटा १८६वर आला. मधले चोवीस गेले कुठे?

आणि गेले ते नेमके आजच. साल होतं २०६१. तापलेल्या समुद्रात प्रवाळं (समुद्रतळाशी वसाहत करून राहणारे जीव) मेली होती आणि मालवणच्या शाळांतली मुलं ती नव्याने लावत होती. केतकीने नखाएवढा तुकडा शाळेच्या टाकीत वर्षभर वाढवून तळहाताएवढा केला होता. आज तो दूरच्या खडकावर लागायचा होता. तिथे मुलांना घेऊन जाई कूर्मा, म्हणजे कासवाच्या आकाराचा यंत्रमानव, आणि कूर्माचा नियम एकच होता. पाण्यात मोजलेला दाब १९०च्या खाली असेल तर खडकावर जायचं नाही.

"एकशे शहाऐंशी. केतकी वरच थांबेल," कूर्मा म्हणाला. "ओजस, एकशे सत्त्याण्णव. ओजस येऊ शकतो."

केतकीने तुकड्याची डबी छातीशी धरली. पुन्हा तिच्या वर्गातला ओजसच! खरं सांगायचं तर हा हेवा आजचा नव्हता.

केतकीच्या आजोबांचं, म्हणजे आजोचं, बंदरावर समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या टाक्यांमध्ये हवा भरायचं दुकान होतं. आजो मूळचे समुद्रशास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांना कशाची घाई म्हणून नव्हती. एक टाकी भरायला पाऊण तास घेत, मध्येच थांबत, सावलीत ठेवत. भरलेल्या टाकीला आधी हात लावायचा आणि मग काटा बघायचा, हा त्यांचा शिरस्ता. आकडे पडद्यावर उमटू लागले तरी बंदरावर त्याला काटाच म्हणत. समोरच ओजसच्या काकाने नवं दुकान थाटलं होतं. तिथलं चकचकीत यंत्र तीन मिनिटांत टाकी भरून गाणं वाजवत असे. गिऱ्हाइकं तिकडे आणि आजो आपले इकडे चहा पीत बसलेले. केतकीला ते यंत्र डोळ्यांसमोर नको झालं होतं, आणि ओजस तर त्याहून नको.

आज सकाळी दोघांच्या टाक्या धक्क्यावर शेजारी शेजारी होत्या. केतकीची आजोने भरलेली, काटा २००. ओजसची नुकतीच यंत्रातून आलेली, काटा २१०. याला दहा जास्त का म्हणून? तिने शिरस्त्याप्रमाणे हातही लावून पाहिला. ओजसची टाकी चांगलीच गरम लागली. तिला वाटलं, गरम म्हणजे ताजी, तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने दोन्ही टाक्यांवरच्या नावाच्या पट्ट्यांची अदलाबदल केली.

आता सोबत आलेल्या आजोने होडीतून वाकून पाण्यातल्या टाकीला हात लावला. टाकी गार होती. मग त्यांनी तळाचा दुकानाचा शिक्का पाहिला.

"केतकी, ही माझ्या दुकानातली टाकी न्हय गो."

केतकीने मान खाली घातली. "मी पट्ट्यो बदललंय," ती कशीबशी म्हणाली. "माका त्याचो हेवो वाटलो. त्याची टाकी गरम होती. माका वाटला, ताजी आसा."

आजो रागावले नाहीत, ते तिला जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं.

हवा म्हणजे सतत धावणारे कण. वर्गात चाळीस पोरं कोंडली तर ती भिंतींवर आपटणारच. तसे हे कण टाकीच्या भिंतीवर आपटतात. त्या आपटण्याचा जोर म्हणजे दाब, आणि काटा तेवढाच दाखवतो. आत पोरं किती, हे तो मोजत नाही. हवा घाईने कोंबली की ती तापते, जसं सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं. तापलेले कण जोराने धावतात, जास्त आपटतात आणि काटा चढतो. टाकी गार झाली की कण तेवढेच राहतात, पण धाव मंदावते. हळूहळू भरलं तर उष्णता भरतानाच पत्र्यातून बाहेर पडते आणि खरी हवा आत मावते.

"हिशेब करून बघ," आजो म्हणाले. "त्या यंत्रातली टाकी पासष्ट अंशांवर येता, पाणी आसा सव्वीस."

तापमान उतरतं त्याच प्रमाणात दाबही उतरतो, पण हा हिशेब केल्विनमध्ये (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानात) करायचा, म्हणजे ३३८ आणि २९९. केतकीने होडीच्या फळीवर ओल्या बोटाने आकडे मांडले. २१० गुणिले २९९, भागिले ३३८. उत्तर आलं जवळजवळ १८६. एकही कण हरवला नव्हता. जे तिने हिसकावलं, ते मुळातच कमी होतं.

ओजस सगळं ऐकत होता. त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "म्हणजे माझ्याकडची टाकी तुझी. तूच जा."

केतकीला हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. तिने हातातल्या डबीकडे पाहिलं, त्यातल्या जांभळ्या तुकड्याकडे पाहिलं, आणि डबी ओजसच्या हातात दिली.

"तूच जा. माझा जरा उंचार लाव. त्येका उजेड लागता."

तो खाली गेला तेव्हा तिला रडू आलं आणि आजोने ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. तासाभराने ओजस वर आला. त्याने मनगटावरच्या पडद्यावर फोटो दाखवला. केतकीचा तुकडा उंचावर, उजेडात होता आणि त्याचा स्वतःचा त्याच्या पायथ्याशी.

पुढच्या महिन्यात काकाच्या यंत्राचं गाणं बंद झालं. ओजसने यंत्राच्या पडद्यावर दाबाशेजारी तापमानाचा आकडा आणला होता, आणि टाकी गार झाल्यावर कमी पडलेली हवा पुन्हा भरल्याशिवाय यंत्र ती सोडत नव्हतं. तिथेही आता पाऊण तास लागू लागला, आणि वाट पाहणारी गिऱ्हाइकं आजोच्या चहाला येऊन बसू लागली. पुन्हा खडकावर जायचा दिवस आला तेव्हा कूर्माने दोघांचीही नावं घेतली.

धक्क्यावर सावलीत दोन टाक्या उभ्या होत्या. केतकीने आधी ओजसच्या टाकीला हात लावून पाहिला आणि मग आपल्या. दोन्ही गार होत्या.