सव्वा इंचाचा आरोप

"मले चोर म्हणून राह्यले, बाई," दिव्या म्हणाली. समोरच्या खुर्चीकडे तिने पाहिलेही नाही. "सव्वा इंचाची चोर!"

सुनिलला हसू आले. ते त्याने चहाच्या कपात लपवले. त्याच्या वरिष्ठ, वडसा गावच्या एकमेव खासगी तपासनीस सत्यशीलाबाई, मात्र हसल्या नाहीत.

"आधी बस. मग सांग."

गावातल्या रणपट मंडळात मेजावर बोटभर उंचीच्या सैन्यांच्या लढाया खेळल्या जात. नेम आधी जाहीर करायचा, अंतर नंतरच मोजायचे. मोजणी एका प्याद्याच्या बैठकीच्या काठापासून दुसऱ्याच्या काठापर्यंत. तिरंदाजाचा पल्ला आठ इंच; सेनापती पडला की सामना संपला. आजच्या अंतिम सामन्यात दिव्याच्या तिरंदाजाने प्रतिस्पर्धी हेमराजच्या सेनापतीचा हत्ती टिपला. पंच प्रणितने तिच्याच बांबूच्या पट्टीने पावणेआठ मोजले आणि सारे जेवायला गेले. परतल्यावर हेमराजच्या आग्रहावरून पोलादी टेपने पुन्हा मोजले, तर अंतर नऊ इंच! दिव्याची पट्टी खोटी ठरली आणि विजय हेमराजला बहाल झाला. संध्याकाळी त्याचे नाव नागपूरच्या राज्य स्पर्धेसाठी कळवले जाणार होते.

चौकशी झालीच नव्हती. फक्त निष्कर्ष निघाला होता. मुलगी अहेरीकडच्या जंगलगावची, मंडळात नवी, आणि पट्टी दुकानातली नसून घरी तासलेली. सुसंस्कृत माणसांना पुरावा म्हणून एवढे सहसा पुरते.

दौऱ्यावर गेलेल्या एका नाटक मंडळीच्या तालमीच्या खोलीत सामन्याचे मेज जसेच्या तसे होते. वर आरा गिरणीतला बारीक भुसा पसरून रणभूमी केलेली. सत्यशीलाबाईंनी पट्टी टेपशेजारी ठेवली. दोन्ही तंतोतंत जुळल्या.

"मंग तिनं तिरंदाज सरकवला असन," प्रणित घाईने म्हणाला.

"अन् सरकवला तोही मागे? आपलाच नेम चुकवायला?" बाई वाकल्या. तिरंदाजाची बैठक म्हणजे सोडा-बाटलीचे झाकण. ते भुशात घट्ट रुतले होते. शेजारी ओरखडासुद्धा नव्हता.

मेलेले प्यादे उचलून त्या जागी मधोमध चिंचोका ठेवायची मंडळाची रीत होती. मैदानभर चिंचोके होते आणि प्रत्येकाभोवती झाकणाचे वर्तुळ उमटलेले. सेनापतीच्या चिंचोक्याभोवतीचा भुसा मात्र झाडलेल्या अंगणासारखा सपाट होता.

"सेनापतीची समाधी भारी निगुतीनं राखली," सुनिल म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की आपण काय चुकलो हे त्याला कळेना.

"हेमराजभाऊ, हत्ती कुठं आहे?"

"डब्यात. मेलेल्याचं मैदानात काय काम?"

"उचलला कोणी?"

"मीच. माझा हत्ती आहे ना!"

"जेवायलाही उशिरा पोचलात, प्रणितभाऊ सांगतात."

"हात धूत होतो. पार भुशानं भरले होते."

"दाखवा बरं हत्ती."

हेमराजने नाखुशीने डबा उघडला. सागाचा देखणा हत्ती लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर उभा होता.

सत्यशीलाबाई खुर्ची ओढून बसल्या.

"पट्टी खरी, तिरंदाज जागचा हलला नाही, आणि दोन्ही मोजण्याही खऱ्याच. म्हणजे बदलले काय? ज्याच्यापर्यंत मोजले, ते. सकाळी पट्टी हत्तीच्या काठाला टेकली. दुपारी टेप टेकली ती चिंचोक्याला. हे झाकण तीन इंच रुंद, म्हणजे मध्यापासून काठ दीड इंच. चिंचोका अर्धा इंच; त्याचा काठ मध्यापासून पाव इंच. उरले सव्वा."

सुनिलने बोटांवर हिशेब केला. बरोबर सव्वा!

"चूक असन, बाई," हेमराज पुटपुटला. "ध्यानात नाई आलं."

"चुकीला हात भुशात घालावे लागत नाहीत. हत्ती अलगद उचलता येतो. इथल्या प्रत्येक मेलेल्यामागे वर्तुळ उरले आहे. सर्वांत मोठे तेवढे गायब. ते दिसले असते, तर कोणीही विचारले असते: काठ इथं असताना मोजता कुठून? म्हणून तुम्ही तळव्याने ते पुसलेत."

हेमराजने हत्ती मेजावर ठेवला. प्रणितने, न सांगता, पुन्हा मोजले. पावणेआठ.

"मले नागपूरले जायचं होतं," हेमराज म्हणाला.

"अन् मले काय फिराले जायचं होतं?" दिव्या कडाडली.

प्रणितने घसा साफ केला. "पोरी, जिंकलीस तू. नाव आताच कळवतो."

"असं नाई, भाऊ. ज्यायच्यासमोर मले चोर म्हटलं, त्या साऱ्यायले बलवा. त्यायच्यासमोरच शब्द माघारी घ्या. अन् खेळ पुरा करू. हत्ती मेला, पण ह्यायचं सैन्य उभंच आहे."

"जिंकलेला सामना पुन्हा काऊन खेळून राह्यली?" सुनिलला राहवेना.

"मंडळानं एकदा हरवलं, भाऊ. आता मंडळानंच जिंकवलं, तर माझं काय राह्यलं त्यात?"

मंडळी जमली. प्रणितने शब्द मागे घेतला. आवाज लहान होता, म्हणून मागच्या ओळीने दुसऱ्यांदा म्हणायला लावले. हेमराजला हाकलण्याची सूचना आली, ती दिव्यानेच उडवून लावली. "मंग मी खेळू कोणासंग?"

दिवेलागणीला हेमराजचा एकच घोडेस्वार उरला. दिव्याने नेम जाहीर केला. पंच उठायच्या आतच हेमराजने टेप उचलली. तो वाकला आणि दोन्ही काठांना नखे लावून बराच वेळ पाहत राहिला.

"साडेसात," हेमराज शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाला. "लागला."