माळ्यावरचा शनिवार

शुक्रवारी दुपारी चारच्या आत स्वरूपाला सोनूची दुपटी धुऊन टाकावी लागत. त्यात काय एवढं, तान्हं मूल म्हटल्यावर धुणं आलंच, असं कुणीही म्हणेल. पण स्वरूपाचं धुणं खालच्या प्रेसच्या तालावर चाले. खाली धप्प झालं की दुपटं एकदा आपटायचं, पुढच्या धप्पला पुन्हा. दिवस कलायला लागला की शालोमकाका मशीन बंद करत. तिथून रविवारी सकाळी आठपर्यंत नळ सोडायचा नाही, भांडं वाजू द्यायचं नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं.

चिंचवड स्टेशनच्या मागे, एमआयडीसीतली एक गल्ली नाल्यापाशी संपते. तिथला शेवटचा गाळा शालोमकाका पेणकरांचा. वॉशर काढायचे दोन पॉवर प्रेस, पुढं शटर, वर पत्र्याचा माळा. सगळ्या गल्लीला गुरुवारची सुट्टी, काकांना मात्र शनिवारची. काका बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारभर मशीनला हात लावायचा नाही हा त्यांच्या आजा-पणज्यापासूनचा रिवाज, आणि ऑर्डर कितीही तातडीची असो, त्यांनी तो कधी मोडला नाही.

स्वरूपाचा नवरा प्रितम ओव्हाळ पूर्वी याच गाळ्यात प्रेसला डाय, म्हणजे साचे, बसवायचा, आता चाकणच्या कंपनीत होता. त्यानं आणि स्वरूपानं रजिस्टर लग्न केलं होतं. तो बौद्ध, ती मराठवाड्यातल्या एका गावच्या मोठ्या घराण्यातली. एवढं सांगितलं की पुढचं सांगायची गरज पडू नये, पण आपल्याकडे पडते. तीन घरमालकांनी आडनाव विचारलं आणि खोली आताच गेली म्हणून सांगितलं. थेरगावातल्या चौथ्यानं खोली दिली, आणि मग पोरीचं कल्याण व्हावं म्हणे, तिच्या बापाला फोन केला. तिसऱ्या दिवशी स्वरूपानं खिडकीतून पाहिलं, तर खाली तिचा थोरला भाऊ समर्थ गाडीच्या डिकीतून पोत्यात गुंडाळलेला कोयता काढत होता. ती चार महिन्यांच्या सोनूला घेऊन मागच्या दारानं पळाली. पोलिसांत दोन अर्ज दिले होते, त्यांचं पुढं काय झालं ते कुणी सांगेना.

शालोमकाकांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. मागचा लोखंडी जिना दाखवला आणि म्हणाले, “प्रेस चालू असेल तोवर माळा तुमचा. प्रेस थांबला की तुम्ही नाही. माझ्या आईनं हे असं दोन वर्षं काढलंय, पोलंडमध्ये. नाझींपासून पिठाच्या गिरणीवर लपली होती. गिरणी फिरेल तेवढंच हलायचं, तेवढंच बोलायचं. तेव्हा ती सहा वर्षांची होती.”

युद्धानंतर एका नातेवाइकाबरोबर ती मुंबईला आली, काकांच्या वडिलांशी तिचं लग्न झालं. म्हातारपणी तिला घरात चैन पडायचं नाही. रोज गाळ्यावर यायची आणि या माळ्यावर प्रेसच्या आवाजात बसून राहायची. तिथंच गेली, एका शनिवारी, प्रेस बंद असताना. एवढं सांगून काकांनी किल्ली दिली. खालच्या दोन कामगारांनाही वर कुणी राहतं याचा पत्ता नव्हता.

आणि गंमत बघा, जीव मुठीत धरून लपायला आलेली ही बाई तिथं पहिल्यांदा मोकळी झाली. बापाच्या घरात ती कधी मोठ्यानं हसली नव्हती. हसली की आई डोळे वटारायची. इथं आठ वाजले, प्रेस सुरू झाला, की ती गळा सोडून गायची, सोनूशी भांडायची, नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारायची. दुनियेला ऐकू जात नव्हतं हे खरं, पण तिचं तिला ऐकू येत होतं. आपला आवाज इतका जाड आहे हे तिला सव्विसाव्या वर्षी कळलं, आणि तो तिला आवडला.

धास्ती होती ती शनिवारची. रात्री गल्ली ओस पडायची, पण शनिवारी दिवसभर बाकीची गल्ली चालू असायची. शटरसमोरच छबूबाईची चहाची टपरी, तिथं दिवसभर माणसांचा राबता. कुलूपबंद गाळ्यातून पोर रडलं असतं तर बातमी संध्याकाळपर्यंत थेरगावच्या डांगे चौकात पोचली असती. प्रितमला शनिवारी सुट्टी नव्हती. पहिल्या शनिवारी स्वरूपा सोनूला छातीशी धरून देवाचा धावा करत बसली.

सोनू रडली नाही. सबंध दिवस नाही. भूक लागली तरी नाही, ओली झाली तरी नाही. रोज कारखाना डोक्यावर घेणारी पोरगी टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहिली. स्वरूपाला वाटलं, लेकराला सगळं कळतं.

दुसऱ्या शनिवारी तिला वास आला. ओलसर, कच्च्या पिठाचा. खाली सगळा तेलाचा आणि लोखंडाचा कारभार, तिथं पीठ कुठून येणार? वास सोनूच्या अंगावरून येत होता.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिला पोरीच्या गालांवर वळ दिसले. एका गालावर चार, दुसऱ्यावर एक. तिनं आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली, तर ती मोठी पडली. तो हात लहान होता... फार लहान. प्रितमला दाखवेपर्यंत वळ फिके झाले. तो म्हणाला, उशीची घडी उमटली असेल. तिनंही मान डोलावली.

आता खरं ते सांगायला हवं. तिला कळलं होतं. सगळं नाही, पण शनिवारी माळ्यावर आपण दोघीच नसतो एवढं तिला पुरतं कळलं होतं. आणि तिनं ते चालू दिलं. पोरगी गप्प राहतेय, जीव वाचतोय, मग कोण का असेना. चौथ्या शनिवारी वास आला तेव्हा तिनं हात जोडले. मनातल्या मनात म्हणाली, बाई, तू कोण असशील ती अस, पण तुझे उपकार आहेत. हे हात जोडणं तिला पुढं फार जाळणार होतं.

पाचव्या शनिवारी अकराच्या सुमाराला टपरीवर समर्थचा आवाज आला.

तो मोबाइलवरचा फोटो दाखवून विचारत होता, ही बाई इथं पाहिली का, हिचा नवरा इथंच कामाला होता ना. छबूबाई म्हणाली, कारखाना बंद हाय, इथं कोन राहतंय. पण तिच्या बोलण्यात एक क्षण उशीर झाला, आणि समर्थला तेवढा पुरला. पावलं शटरपाशी आली. शटर हळूच हललं.

“स्वरू...” तो अगदी मायेनं, दबल्या आवाजात म्हणाला. “वर आहेस ना? आई अंथरुणाला खिळलीय गं. तू नुसती खाली ये...”

तेवढ्यात सोनूनं तोंड वेडंवाकडं केलं. ओठ थरथरले, छाती फुगली. स्वरूपानं तिला पदराखाली घेतलं, पोरीनं मान फिरवली. आता रडणार, आता...

पिठाचा वास आला. आणि सोनूचे गाल आत गेले. एका बाजूला चार खळगे, दुसऱ्या बाजूला एक. हात दिसत नव्हता, फक्त गाल दबलेले दिसत होते.

आवाज फुटलाच नाही. खाली समर्थ कान देऊन उभा होता. त्याच्या बुटाखाली खडी करकरत होती. स्वरूपा हलली नाही. जा आता, जा, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. सोनूचे पाय झटके देत होते. मग ते हळू झाले. मग थांबले. पोरीचा चेहरा जांभळा पडत होता, डोळे आईवर खिळलेले, आणि स्वरूपाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हा हात निघणार नाही. खालचा माणूस जाईपर्यंत निघणार नाही, आणि तो तर जात नाहीये.

तिनं झडप घातली. बोटांना एक बारीक मनगट लागलं. थंडगार, पिठानं चिकट, आणि तिच्यापेक्षा जास्त थरथरणारं. कानापाशी कुणीतरी म्हणालं, “श्श्...” त्यात राग नव्हता, जीव जाईल एवढी भीती होती. मनगट सुटेना. ओढून सुटेना, नखं रोवून सुटेना.

तेव्हा स्वरूपानं तोंड उघडलं.

“मी इथं आहे, दादा! मी स्वरूपा प्रितम ओव्हाळ! माझ्या लेकीसकट इथं आहे, आणि मी येणार नाही!”

प्रेस बंद असताना ती बोलली होती. पत्रे हादरले. हातातलं मनगट विरून गेलं, आणि लगेच माळ्यावर तान्ह्या मुलाचं रडणं फुटलं, असं की नाल्यापलीकडची माणसं बाहेर आली. शेजारच्या गाळ्यांतले कामगार धावले. छबूबाई चहाचं पातेलं टाकून शटरला पाठ लावून बसली आणि म्हणाली, आधी मला उचला. दहा-पंधरा मोबाइल वर झाले. समर्थ माळ्याच्या झरोक्याकडे बघत राहिला. मग गाडीत बसला आणि गेला. आईचा निरोप त्यानं परत उच्चारला नाही.

दुपारपर्यंत पोलीस आले, प्रितम आला, शालोमकाका शनिवार मोडून रिक्षानं आले. त्या सगळ्या गोंधळात कुणाच्याच लक्षात आलं नाही, खुद्द स्वरूपाच्याही नाही. सोनू तिच्या मांडीवर होती. चेहऱ्यावर लाली परतली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडं होतं. आणि रडणं येत होतं ते मागच्या कोपऱ्यातून, खोक्यांच्या आडून.

सगळे पांगल्यावर तिनं काकांना एकच विचारलं. तुमच्या आईबरोबर तिथं आणखी कोण होतं?

काकांनी चष्मा काढला. “भाऊ होता,” ते म्हणाले. “आठ महिन्यांचा. आई-बापाला आधीच धरून नेलं होतं. झडतीला आले तेव्हा गिरणी बंद होती... आणि तो रडायला लागला. हिनं हात ठेवला. ते बराच वेळ गेलेच नाहीत.” मग चष्मा पुसत म्हणाले, “हात कधी काढायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची होती हो.”

पिंपळे गुरवला प्रितम-स्वरूपानं खोली घेतली. यावेळी दारावर नाव लावून, आडनावासकट. लपणं संपलं. स्वरूपा मोठ्यानं बोलायला लागली, भाजीवालीशी, शेजाऱ्यांशी, पोलीस चौकीतसुद्धा. पण सोनूचा आवाज परत आला नाही. ती हसायची तेही मुकं, रडायची तर नुसतं पाणी. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले. सगळं ठीक आहे म्हणाले, वाट बघा. स्वरूपा वाट बघत होती. रोज पोरीच्या तोंडाशी कान नेऊन म्हणायची, रड गं बाई, एकदा रड, आता कुणी येत नाही. आणि मग त्या जोडलेल्या हातांची आठवण येऊन स्वतःच रडायची.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, ती सोनूला लस टोचायला घेऊन गेली. सुई आत गेली. सोनूनं तोंड एवढं मोठं उघडलं की पडजीभ दिसली. आवाज नाही. नर्स म्हणाली, किती गुणाची आहे हो. स्वरूपाला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. छबूबाई होती.

“पोरी, लेकराला आत्ता काय झालं का गं? गाळा बंद हाय, कुलूप हाय. पन वर माळ्यावर तान्हं लई रडतंय... एकाएकी किंचाळलं बघ. ऐक.”

तिनं फोन शटरला लावला असावा. लांबून, पत्र्याच्या आतून, रडणं आलं. ते सोनूचं होतं. त्यात शंकाच नव्हती. तीन आठवड्यांनी लेकीचा आवाज कानावर पडला आणि स्वरूपाला भर दवाखान्यात पान्हा फुटला, ब्लाउज ओला झाला. ती फोन कानाशी दाबून ऐकत राहिली.

मग त्या रडण्याच्या अगदी जवळ कुणीतरी म्हणालं, “श्श्...”

“छबूबाई, शटर फोडा,” स्वरूपा ओरडली. “कुलूप तोडा. तिला रडू द्या, कुणी आलेलं नाही, हात काढ म्हणावं त्या पोरीला...”

पलीकडचं रडणं दबत दबत बारीक झालं. स्वरूपानं खाली पाहिलं. मांडीवर सोनूचे ओठ आपोआप मिटत होते.